आधी गाडी, मग सॉकेट

रोज रात्री साडेनऊला आमच्या गल्लीत माझा एक जाहीर कार्यक्रम असतो. जेवण झालं, बातम्या झाल्या, की मी पायजमा गुडघ्यापर्यंत वर खोचतो आणि माडीच्या खिडकीतून पिवळी वायर खाली सोडतो. मग जिना उतरून वायरीचं टोक शोधायला जातो. ते पन्हाळीला अडकलेलं असतं. परत वर जाऊन वायर झटकतो. खालून बायको ओरडते, "आलं, आलं! आता ओढू नका!" तेवढ्यात मी ओढलेली असते.

समोरच्या कट्ट्यावर चार-पाच जण हा खेळ बघायला ठरलेल्या वेळी येऊन बसतात. पहिल्या रात्री तात्या म्हणाले, "मास्तर, हिरीतनं पोहरा काढायलाय जणू." आता ते काही म्हणत नाहीत, फक्त घड्याळाकडं बघतात. परवा मला पावणेदहा झाले, तर दारावर थाप आली. "आज हाय का न्हाई?"

एवढा खटाटोप कशासाठी, तर गल्लीच्या पलीकडच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या चार्जिंगच्या गाडीला दीड युनिट वीज पाजायची असते.

गाडी घ्यायचं डोक्यात आलं ते निव्वळ आळसातून. माझं लायसन २०१९ साली संपलं. ते नवं करून घ्यायला कागद काढा, फोटो काढा, रांगेत उभं राहा, यातलं काहीच मला जमलं नाही. मग कळलं, की मोटर अडीचशे वॅटच्या आतली आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असला की त्या गाडीला लायसन लागत नाही, नंबरही लागत नाही. कायद्याच्या लेखी ती मोटारगाडीच नव्हे. मला वाटलं, सरकारनं हा नियम माझ्याकडं बघूनच केलाय.

गाडी पाडव्यालाच घ्यायची म्हणून महिनाभर थांबलो. केंद्र सरकारची फेम-२ ही अनुदानाची योजना ३१ मार्च २०२४ ला संपली, आणि पाडवा होता ९ एप्रिलला. दुकानदार हळहळला. "नऊ दिवस आधी आला असता तर…"

"तर किती वाचले असते?"

"तुमच्या ह्या गाडीला तवाबी काय मिळालं नसतं. पण लोकं आधी येत्यात."

मग त्यानं मला एक प्रश्न विचारला. त्याचं महत्त्व त्या वेळी माझ्या ध्यानात आलं नाही. तो म्हणाला, "घरी चार्जिंगची सोय हाय नव्हं?"

"घरी लाईट हाय की," मी म्हणालो.

आमच्या कडेगावला मोहरमचे ताबूत निघतात. दीडशे वर्षांहून जुनी परंपरा आहे, हिंदू-मुसलमान मिळून ती चालवतात, आणि बांबूचे ते उंचच्या उंच ताबूत बघायला लांबलांबून माणसं येतात. त्यांची बांधायची तऱ्हा जगावेगळी आहे. वरचा कळस आधी बांधतात आणि मग एकेक मजला खालून जोडत येतात. पाया सगळ्यात शेवटी. बांधणाऱ्यांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्यांचं कसब आहे म्हणून तो डोलारा उभा राहतो. माझ्या हातात तसलं काही नसताना मीही तोच मार्ग धरला. आधी गाडी आणली, मग सॉकेट शोधायला लागलो.

सॉकेट सापडेना. म्हणजे घरात आठ आहेत, पण एकही जमिनीच्या पातळीला नाही. आमचं घर गावठाणातलं, दगडी जोत्याचं. दाराला तीन उंच पायऱ्या, वर उंबरा, आणि दार एवढं अरुंद की लग्नात आणलेलं कपाट अजून सोप्यातच आहे. ऐंशी किलोची गाडी त्या पायऱ्या चढून आत येणं शक्य नाही. पेट्रोलच्या गाडीचं बरं असतं, ती मोकाट जनावरासारखी कुठंही उभी राहते. तिला घराशी काही देणंघेणं नाही. चार्जिंगची गाडी मात्र दावणीचं जनावर आहे. दिवसभर कुठंही चरू दे, रात्री तिला दाव्याला बांधायलाच लागतं. आणि आमच्याकडं दावणच नव्हती.

नव्हती कशी, होती! आजोबांच्या वेळी घराच्या उजव्या अंगाला, रस्त्याच्या सपाटीला, गोठा होता. दोन बैल आणि एक म्हैस मावतील एवढा, त्याला वेगळं रुंद दार, आत गव्हाण. १९९४ साली मीच वडिलांच्या मागं लागून त्याची गव्हाण फोडली, जमीन चार फूट भरून घेतली आणि पाहुण्यांसाठी फरशीची खोली केली. "आता जनावरं कोण पाळतंय?" असं मी वडिलांना ऐकवलं होतं. ते काही बोलले नाहीत. नुसते गव्हाणीकडं बघत राहिले. परवा वायर झटकताना मला तो चेहरा आठवला. आजोबांनी माझ्या गाडीची सोय करून ठेवली होती, मी तिथं सोफा टाकला.

बरं, सोफ्यावर बसायला पाहुणा तरी कोण येतो? एक भाचा. तो पुण्यात नगररचना शिकतो. मागच्या दिवाळीत आला तो हातात वही घेऊनच. माणसं कुठली गाडी घेतात हे त्यांच्या पगारावर ठरतं तेवढंच त्यांच्या वस्तीच्या आखणीवरही ठरतं, असं त्याचं म्हणणं. दुकानं किती लांब, रस्ता चढाचा की सपाट, गाडी लावायला जागा कुठं, हे सगळं तो मोजणार होता.

"मामा, घरापासून पाचशे मीटरच्या आत काय काय आहे?"

मी बोटांवर मोजायला लागलो. किराणा, गिरणी, न्हावी, शिंपी, दवाखाना, मेडिकल, देऊळ, मशीद, चहाची चार दुकानं आणि माझी शाळा. शाळा सातशे वीस पावलांवर आहे. मी मोजलीत, म्हणजे गाडी घेतल्यावर मोजली.

भाचा वहीत लिहीत होता आणि त्याचा चेहरा उजळत चालला होता. "मामा, हा आदर्श मिश्र जमीनवापर आहे!"

"म्हणजे काय?"

"खाली दुकान, वर घर, मागं गोठा. सगळं चालत जायच्या अंतरावर. परदेशात हे मुद्दाम आखून करतात."

"आम्ही ह्याला गचडी म्हणतो," आतून बायको म्हणाली.

चीनमध्ये म्हणे विजेवरच्या दुचाक्या तीस कोटींच्या वर गेल्यात. बऱ्याच शहरांत इमारतींच्या पायथ्याशी चार्जिंगच्या शेड बांधून दिल्यात, आणि आग लागेल म्हणून बॅटऱ्या लिफ्टमधून वर न्यायला बंदी केलीय. हे सगळं सांगून झाल्यावर भाच्यानं वही मिटली आणि जरा संकोचानं विचारलं, "पण मामा, सातशे वीस पावलांवर शाळा असताना तुम्ही गाडी का घेतली?"

बायको दारात येऊन उभी राहिली. हा प्रश्न आपल्या माहेरच्या माणसानं विचारला याचा अभिमान तिच्या तोंडावर मावत नव्हता. मी चहा मागितला.

खरं सांगायचं तर गाडी घेतल्यापासून मला शाळेत पोचायला जास्त वेळ लागतो. आधी नऊ मिनिटं लागायची, आता पंचवीस. कारण साधं आहे. पेट्रोलची गाडी थांबवली की इंजिन धडधडत असतं. समोरच्याच्या जिवाला लागतं, की ह्याचं पेट्रोल जळतंय, बोलणं आवरावं. "बराय मास्तर, निघा तुम्ही," असं तो आपण होऊन म्हणतो. माझी गाडी थांबली की मुकी. पहिल्याच आठवड्यात मी एकाला म्हणालो, "निघतो, उशीर होतोय." तो म्हणाला, "थांबा की, तुमचं काय जळतंय?" त्यावर आजपर्यंत मला उत्तर सुचलेलं नाही.

मुकेपणाचा दुसरा त्रास म्हणजे वाट मिळत नाही. गावठाणातली माणसं पाठीमागून येणारी गाडी कानानं ओळखतात. बुलेट आली, पाटलाचा पोरगा असेल. फटफट आवाज आला, दूधवाला असेल. आणि त्या हिशोबानं न बघता बाजूला सरकतात. माझं कुणाला कळतच नाही. हॉर्न आहे, पण तो चिमणीसारखा. म्हशी त्याला दाद देत नाहीत. म्हणून मी खोकत जातो. शाळेतली पोरं आता मैदानाच्या टोकाकडून खोकला ऐकू आला की वर्गात पळतात. एकदा एका म्हातारीच्या मागं जाऊन मी हळूच म्हणालो, "मावशी, जरा बाजूला." ती दचकून वळली आणि म्हणाली, "मुडद्या, चोरावानी आलास की रं!" मी तिच्या नातवाचा वर्गशिक्षक आहे.

वायरीकडं परत येतो, कारण ह्या कथेची नायिका तीच आहे. आमच्या दारासमोर गटार, म्हणून गाडी पलीकडं, आक्कांच्या भिंतीला. म्हणजे वायर गल्ली ओलांडून जाते. पहिल्या रात्री ती जमिनीवरून नेली, तर आक्का पाय अडकून पडता पडता वाचल्या. दुसऱ्या रात्री बांबू लावून उंचावरून नेली, तर पहाटे उसाच्या पाल्याचा भारा डोक्यावर घेतलेली एक बाई भाऱ्यासकट तिथं लटकली. तिसऱ्या रात्री वायर गटारीच्या कडेनं नेली, तेव्हा एका कुत्र्याला ऊब आवडली आणि ते चार्जरच्या डबीवर झोपायला लागलं. त्याला उठवलं की ते भुंकतं, ते भुंकलं की गल्ली उठते. शेवटी वायरमननं येऊन एक नजर टाकली, कपाळावर हात मारला आणि म्हणाला, "मास्तर, तुमी विज्ञान शिकवता नव्हं?"

मी मराठी शिकवतो हे सांगायचा धीर झाला नाही.

मग आक्कांशी तह झाला. वायर त्यांच्या तुळईवरून नेऊन भिंतीच्या खुंटीला टांगायची, आणि त्याबदल्यात बाजारादिवशी मी त्यांना मागं बसवून न्यायचं. बाजारपेठ तीनशे पावलांवर. आक्का बसतात, पंधरा पावलांवर एक ओळखीची भेटते, आक्का माझ्या खांद्यावर थाप मारतात, मी थांबतो, सुनेचा विषय निघतो. काय जळतंय? काहीच नाही. तीनशे पावलांना चाळीस मिनिटं. परतीला त्यांची पिशवी माझ्या गळ्यात आणि शेपूची जुडी माझ्या तोंडात, म्हणजे हँडलमध्ये मावली नाही म्हणून मी दातात धरलेली.

गावठाणात हिचं काही खरं नाही हे कळल्यावर मी लांबचा पल्ला गाठायचं ठरवलं. कडेपूरच्या डोंगराईला जाऊ या, असं बायकोला म्हणालो. अडीचशे वॅट म्हणजे किती, याचा विचार मी तोवर केला नव्हता. आमचा चटणीचा मिक्सर पाचशे वॅटचा आहे. म्हणजे नवरा-बायको मिळून दीडशे किलो ऐवज अर्ध्या मिक्सरवर बसून डोंगर चढायला निघालो होतो. सपाटीला गाडी झकास चालली. चढ लागला तशी ती आधी पुटपुटली, मग मुंगीच्या चालीनं निघाली, मग थांबून विचार करायला लागली. बायको उतरली. गाडी दहा फूट पुढं गेली. मग मीही उतरलो. अर्ध्या वाटेवर मी गाडी ढकलतोय आणि बायको हातात नारळ घेऊन पुढं चाललीय, असा आमचा देखावा होता. वरून खाली येणारे एक आजोबा थांबून कौतुकानं म्हणाले, "नवस हाय व्हय?"

"हाय," बायको म्हणाली. "गाडी इकायचा."

माझा चुलतभाऊ मळ्यात राहतो. पूर्वी आमची सगळी भावकी गावातच राहायची. शेत जिरायत, ज्वारी-हरभऱ्याचं. पेरायला आणि काढायला जायचं, रात्री घरी यायचं. टेंभू योजनेनं कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून इकडं आणलं, रानात ऊस उभा राहिला, आणि उसाच्या मागोमाग माणसंही रानात राहायला गेली. चुलतभावाची वस्ती गावापासून चार किलोमीटरवर. सकाळ-संध्याकाळ दूध घालायला डेअरीत यायचं, पोरीला शाळेत सोडायचं. रोजची पंधरा-वीस किलोमीटरची फेरी ठरलेली, सगळी सपाट. त्यानं माझी गाडी बघितली, एक चक्कर मारली आणि महिन्याभरात घेऊन टाकली. माझ्यासारखी नाही, जरा दमदार, नंबरवाली.

त्याची दावण बघण्यासारखी आहे. गोठ्यात ओळीनं दोन म्हशी, एक रेडकू आणि चौथ्या खुंट्याला गाडी. वर पत्रा, खाली कोबा, हाताशी सॉकेट. संध्याकाळी तो म्हशींपुढं वैरण टाकतो, गाडीला वायर लावतो आणि हात झटकून घरात जातो. चाळीस सेकंदांचं काम. मी ते बघून गप्पच झालो.

तिथंही अडचण आहेच, ती विजेची. शेतीची थ्री फेज काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. वस्तीवरची लाईट त्याच लाईनवर. एरवी जी येते ती एवढी मरगळलेली, की बल्बाची तार लाल दिसते आणि चार्जर तिला वीज मानायलाच तयार होत नाही. म्हणून रात्रपाळी असली की भाऊ दोन वाजता उठतो, मोटर चालू करतो, उसाला पाणी सोडतो आणि त्याच फेरीत गाडीलाही लावतो. "एका जागरणात दोन पिकं भिजत्यात," म्हणाला.

पुण्यात माझा मेहुणा पाचव्या मजल्यावर राहतो. त्याला कोथिंबीर आणायची झाली तरी अडीच किलोमीटर जावं लागतं, कारण ज्या भागात तो राहतो तिथं फक्त राहायचं असतं आणि ज्या भागात कोथिंबीर मिळते तिथं फक्त विकायचं असतं. म्हणजे गाडीची गरज खरी त्याला. त्यानं पार्किंगमध्ये सॉकेट मागितलं. सोसायटीत पहिल्या सभेत मीटर कुणाचा यावर चर्चा झाली. दुसऱ्या सभेत वायर कुणाच्या खांबावरून जाणार यावर. तिसरीत एका काकांनी विचारलं, "यांना दिलं तर उद्या सगळेच मागतील, मग?" सगळ्यांनी मागितलं तर सगळ्यांना द्यावं, हे कुणाला सुचलं नाही. चौथ्या सभेला कोरम झाला नाही. मेहुणा आता रोज दहा-बारा किलोची बॅटरी काढून लिफ्टनं वर नेतो. लिफ्ट बंद असली की खांद्यावर. फोनवर मला म्हणाला, "दाजी, तुम्ही नशीबवान. जमिनीवर राहता."

मी खिडकीतून लोंबणाऱ्या वायरीकडं बघितलं आणि विषय बदलला.

आता सगळ्यात लागणारी गोष्ट. गावाबाहेर एन.ए. प्लॉट पडलेत, तिथं नवी कॉलनी झालीय. घरं बैठी, पुढं पोर्च, पोर्चमध्ये सॉकेट. ते म्हणे झाडांना पाणी घालायच्या मोटारीसाठी आधीपासूनच होतं. कॉलनीपासून बाजार दीड-दोन किलोमीटर, म्हणजे चालायला जास्त आणि मोटारीला कमी. मी एका संध्याकाळी सहज चक्कर मारली. एका ओळीत चौदा घरं आणि सहा पोर्चमध्ये चार्जिंगच्या गाड्या. बायका ऐटीत येतात, गाडी आत घालतात, पिन खोचतात. ना पन्हाळ, ना कुत्रं, ना आक्का. त्यांतल्या एकीनं मला ओळखलं. "सर, तुमच्याकडं पण आहे ना? कशी आहे?"

"छान आहे," मी म्हणालो. "आवाज नाही हिचा."

परवा बायकोनं तोडगा काढला, पाहुण्यांच्या खोलीची फरशी उखडायची, भर काढायची, रस्त्याच्या सपाटीला आणायची आणि तिथं गाडी बांधायची. गवंडी येऊन बघून गेला. त्यानं काढलेल्या खर्चाचा आकडा गाडीच्या किमतीपेक्षा जास्त आहे. जाताना तो म्हणाला, "हितं गोठाच होता की वो पयला. कुणी मोडला?"

बायकोनं माझ्याकडं बोट दाखवलं.

काम पावसाळ्यानंतर काढणार आहे. तोवर रात्री साडेनऊनंतर आमच्या गल्लीतून कुणाला जायचं असेल, तर उंच माणसांनी आक्कांच्या भिंतीच्या बाजूनं मान वाकवून जावं. वायर पिवळी आहे. कुत्र्याला उठवू नये.